दोष पोरांच्या कानांचा नाही

धर्मग्रामाच्या वार्षिक सभेत जमाखर्च वाचून होतो, चर्चच्या गळक्या छपराची चर्चा होते, सणाच्या वर्गणीवरून थोडी कुरबुर होते आणि मग ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून जे काही निघते त्यात एक तक्रार गेली कित्येक वर्षे ठरलेली आहे. कोणीतरी ज्येष्ठ गृहस्थ उठतात आणि म्हणतात, “आजकालच्या पोरांना आपली भजने नकोत. त्यांची आवडच बिघडली आहे.” माना डोलतात. त्यावर गायनवृंदातला एखादा उत्साही तरुण उत्तर देतो की, मग त्यांना आवडेल असे द्या ना! पेनड्राइव्हवर उत्तम वाद्यवृंदाचे ट्रॅक मिळतात, ते मिस्साच्या वेळी लावू, म्हणजे पोरे येतील. पुन्हा माना डोलतात, आणि बहुधा त्याच. सभा संपते, चहा होतो, मंडळी पांगतात.

या दोन्ही मतांशी आमचे भांडण आहे. वरकरणी ती एकमेकांच्या विरुद्ध दिसत असली तरी त्यांचे गृहीत एकच आहे. आवड ही माणसाला नाकाडोळ्यांसारखी जन्मतःच मिळते, ती एक तर चांगली असते नाही तर वाईट असते, आणि आपल्या हाती तिला शिव्या देणे किंवा तिच्यापुढे मान तुकवणे एवढेच उरते, असे दोन्ही पक्ष धरून चालतात. आम्हांला हे मान्य नाही. संगीताची आवड बव्हंशी ऐकण्याच्या सवयीतून घडते, ती सवय ऐकण्याच्या साधनातून लागते, आणि ही साधने आपल्या घरात व आपल्या चर्चमध्ये पोरांनी आणलेली नाहीत. ती आम्ही आणली. आज साठी-सत्तरीत असलेल्या पिढीने आणली. तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यात आधी आम्हीच उभे राहतो.

आमचे बालपण राहुरी तालुक्यातल्या एका खेड्यात गेले. तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये होत असे आणि त्यातले अक्षरही न कळता आम्ही मुले ती उत्तरे ठणठणीत आवाजात देत असू. पण खरे गाणे संध्याकाळचे. जेवणे उरकली की चर्चच्या ओट्यावर गॅसबत्ती यायची, धर्मशिक्षक मास्तर पेटी उघडायचे, ढोलकीवर कोणीतरी थाप द्यायचा आणि टाळ वाटले जायचे. टाळ थोडे आणि हात पुष्कळ, म्हणून उरलेल्यांनी टाळ्या वाजवायच्या. आमचे थोरले चुलते पुढे बसून सांगत आणि बाकीचे मागून ओढीत. त्यांचा आवाज म्हणजे मोटेच्या चाकाचा करकराट होता. पण तो आवाज आवडतो की नाही, हा प्रश्नच कोणाच्या मनात उद्भवत नसे. ज्यात आपण स्वतः सामील आहोत त्याला आवडनिवड लावण्याची सवड कोणाला असते?

आपल्या भाषेनेच याची साक्ष ठेवली आहे. आमच्या खेड्यात गाणे ‘म्हणत’ असत. “एखादे गाणे म्हण” असाच आग्रह पाहुण्यांपुढे मुलांना होई. पुढे रेडिओ आला तेव्हा आपण गाणे ‘ऐकू’ लागलो. कॅसेट आली तेव्हा गाणे ‘लावू’ लागलो. आज आमची नातवंडे गाणे ‘पाठवतात’. चार क्रियापदे झाली, आणि त्यांतल्या फक्त पहिल्यात आपल्याच गळ्याला काही काम आहे.

ओट्यावरच्या भजनाच्याही आधी बायकांचे गाणे होते, आणि त्याचे साधन होते जाते. पहाटे दळताना आमची आई आणि आजी ज्या ओव्या म्हणत त्यांत माहेर होते, भाऊ होता, आणि मरियाबाई व तिचा बाळही होता. मग गावात डिझेल एंजिनावर चालणारी पिठाची गिरणी आली. बायकांचे खांदे वाचले हे फार चांगले झाले. त्या कष्टाचे गोडवे गाणाऱ्यांनी एक पायली बाजरी दळून पाहावी आणि मग बोलावे. पण जाते थांबले तशी ओवी थांबली. कोणी तिला नावे ठेवली नव्हती, कोणाची आवड बिघडली नव्हती. जिच्यावर ती बसत असे ती जागाच गेली. पुण्यात हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे असलेले गी प्वातवां यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा केल्या आणि त्यांतल्या पुष्कळ ध्वनिमुद्रित करवल्या, म्हणून त्या आज ऐकायला तरी मिळतात. एका यंत्राने जे मुके केले ते दुसऱ्या यंत्राने थोडेबहुत राखले. यंत्र म्हटले की आम्ही नाक मुरडतो असे कोणी समजू नये, एवढ्यासाठी हे आधीच सांगून ठेवतो.

आमच्या घरी रेडिओ आला तो दिवस आम्हांला लख्ख आठवतो. त्याला पोस्टातून परवाना काढावा लागे, आणि तो परवाना वडील बाप्तिस्म्याच्या दाखल्याशेजारी ठेवीत. पुण्याचे आकाशवाणी केंद्र १९५३ साली सुरू झालेले, विविध भारती १९५७ साली. सिलोनवरची बिनाका गीतमाला १९५२ पासून चालू होती आणि बुधवारी रात्री ती ऐकायला अर्धी आळी आमच्या अंगणात जमायची. लताबाईंचा तो पातळ, निर्दोष, तारेसारखा सूर आम्ही रोज ऐकू लागलो. सहा-आठ महिन्यांनी एका संध्याकाळी ओट्यावर बसलो असताना आम्हांला प्रथमच जाणवले की, थोरले चुलते बेसूर गातात.

त्यांचा आवाज तोच होता. भजनही तेच होते. बदलला होता तो आमचा कान, आणि तो कोणत्याही अधर्मी संगतीने बदलला नव्हता. वडिलांनी हौसेने, परवाना काढून आणलेल्या यंत्राने बदलला होता. त्यानंतर आम्ही हळूहळू मागच्या रांगेत सरकलो आणि मग ओट्यावर जाणेच कमी झाले. चुलत्यांनी कधी कारण विचारले नाही. विचारले असते तर आम्हांला सांगता आले नसते.

हे केवळ खेड्यातल्या पोरांचे होते असेही नाही. मोठमोठे कलावंतही साधनाच्या हुकमाबाहेर राहू शकले नाहीत. १९०२ साली कलकत्त्याला गौहरजानचे गाणे तबकडीवर उतरले तेव्हा तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांपलीकडे काही मावत नसे. जो ख्याल मैफलीत तासभर चाले तो खाँसाहेबांना तेवढ्यात आटपावा लागला, आणि ऐकणाऱ्यांची पुढची पिढी गाणे म्हणजे तीन मिनिटांचेच असते असे समजू लागली. मराठी नाटकांतले नट माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकीत. त्या फेकीतून नाट्यसंगीताचा बाज घडला. १९२५ नंतर विजेच्या मायक्रोफोनने ध्वनिमुद्रण होऊ लागले तेव्हा कानाशी कुजबुजल्यासारखे गाता येऊ लागले, आणि तिसऱ्या-चौथ्या दशकांत ग. ना. जोशी, गजानन वाटवे यांचे भावगीत घरोघर पोचले. भावगीत आवडणारा मराठी माणूस मायक्रोफोनच्या आधी जन्माला आला असता तर त्याला ते आवडले असते काय? त्याला ते ऐकूच आले नसते.

आणि ज्या पेटीला आज आपण ‘आपले पारंपरिक वाद्य’ म्हणून कवटाळतो ती तरी कोठली? १८४२ साली पॅरिसमध्ये दबँ नावाच्या कारागिराने हार्मोनियमचे पेटंट घेतले. मिशनऱ्यांबरोबर ती पायपेटी इकडे आली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिला मांडी घालून हाताने वाजवता येईल असे रूप दिले. तिच्या ठरीव पट्ट्यांत मींड बसत नाही, श्रुती बसत नाहीत, म्हणून १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली आणि ती पुढे १९७१ पर्यंत राहिली. म्हणजे ज्या काळात आमच्या ओट्यावर मास्तर पेटी वाजवीत होते त्या काळात आकाशवाणीच्या लेखी ते आमचे कान बिघडवीत होते! प्रत्येक पिढी आपल्या आधीच्या यंत्राला परंपरा म्हणते आणि नंतरच्या यंत्राला बिघाड म्हणते, हे एकदा ओळखले म्हणजे सभेतल्या ज्येष्ठांचा आवाज आपोआप थोडा खाली यावा.

आता कॅसेटकडे येतो, कारण आमच्या समाजात खरी उलथापालथ तिने केली. फिलिप्स कंपनीने ती १९६३ साली काढली, पण नगर जिल्ह्याच्या खेड्यांत ती पोचली ऐंशीच्या दशकात, जेव्हा स्वस्त कॅसेटी आणि दोन स्पीकरांचे टेपरेकॉर्डर बाजारात आले. हरेगावच्या मतमाउलीची यात्रा १९४९ पासून भरते. ८ सप्टेंबरच्या सुमारास तेथे जो जनसागर लोटतो त्यात मेणबत्त्या आणि जपमाळांच्या शेजारी कॅसेटींची दुकाने लागू लागली. आम्हीही घेतल्या, सांगायला लाज कशाची? घरी येऊन त्या इतक्या वेळा लावल्या की फीत ताणली गेली आणि गाणारी बाई गाऊ लागली पुरुषी आवाजात. तरी लावीतच राहिलो. वारंवार ऐकलेले आवडू लागते. आवडले म्हणून पुन्हा ऐकतो असे आपल्याला वाटते, पण पुष्कळदा क्रम उलटा असतो.

त्या कॅसेटींतली गाणी बहुतेक सिनेमाच्या चालींवर बेतलेली, पाठीमागे वीस-वीस व्हायोलिने. चालीच्या उसनवारीबद्दल आमची फारशी तक्रार नाही. नगरला कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले ते हरिदासी कीर्तनाच्या साच्यात. नगर-राहुरीत राहिलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग रचले ते वारकऱ्यांच्या छंदात, आणि ते प्रॉटेस्टंट असूनही त्यांची गीते आपण आपल्या चर्चमध्ये आपली म्हणून गातो. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले ते ओवीत. उसने घेणे हा आपला जुनाच रिवाज आहे. आमची तक्रार वेगळी आहे. सांगळे, टिळक आणि स्टीफन्स यांनी जे उसने घेतले ते लोकांना म्हणता येईल असे होते. कॅसेटमधले गाणे लोकांनी ऐकावे असे होते. आमच्या गायनवृंदाने कॅसेटची नक्कल सुरू केली तेव्हा दोन कडव्यांमधले व्हायोलिनचे संगीतसुद्धा मुली ‘ला ला ला’ करून तोंडाने गात, आणि ते बरोबर झाले नाही तर गाणे चुकले असे मानले जाई. भाविकांनी काय करायचे? त्यांनी कौतुकाने ऐकायचे. येथे गायनवृंद आणि लोक यांच्यामध्ये प्रथम एक रंगमंच उभा राहिला, आणि तो आपण स्वतः उभा केला.

पुढचा प्रवास भरभर झाला. १९७९ साली सोनीचा वॉकमन निघाला होता. कानात बोंडे घालून एकट्याने ऐकण्याची रीत त्याच्यापासून आली. मग सीडी, मग एमपी-थ्री, मग मोबाइल. २०१६ साली जिओने इंटरनेट स्वस्त केले आणि जगातले सगळे संगीत शेवगाव-पाथर्डीच्या एस. टी. स्टँडावर बसून ऐकता येऊ लागले. यातल्या लाभाकडे आम्ही डोळेझाक करीत नाही. आमच्या नातवाने त्याची बोंडे आमच्या कानात घातली आणि पॅलेस्ट्रिनाची एक मिस्सा ऐकवली, तेव्हा चार आवाज एकमेकांना धक्का न लावता कसे चालतात ते सत्तराव्या वर्षी आम्हांला कळले. लहानपणी लॅटिन उत्तरे ओरडणाऱ्या आम्हांला ग्रेगरियन गायनातली शांतता उमगली तीही त्याच बोंडांतून. जिल्ह्यातल्या कोणत्या चर्चमध्ये आम्हांला हे मिळाले असते?

पण त्याच बोंडांनी एक गोष्ट केली. एका छपराखाली पाच माणसे, आणि पाचांचे पाच निराळे कान झाले. आमच्या घरी संध्याकाळच्या जपमाळेनंतर एक गीत म्हणण्याचा प्रघात आहे. परवा नाताळच्या सुटीत सगळे जमले तेव्हा सर्वांना येणारे एक गीत निघेना. प्रत्येकाला शेकडो येत होती. शेवटी जे सापडले ते पहिल्या कडव्यापुरते, आणि दुसऱ्या कडव्यासाठी सुनेने मोबाइल उघडला.

साधनाची आणखी एक करामत सांगण्यासारखी आहे. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरातून खालचे, खर्जाचे सूर जवळजवळ येतच नाहीत. ढोलकीची धूम जाते आणि चाट तेवढी उरते. उलट मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीतून खर्जाचाच मारा होतो, छातीचा पिंजरा हलतो आणि शब्द मरतात. एका बाजूला सगळे तीक्ष्ण, दुसऱ्या बाजूला सगळे जड. यांच्या मधला जो पट्टा आहे, ज्यात माणसाचा साधा आवाज आणि पेटी नांदते, तो ऐकण्याची सवयच कमी होत चालली आहे. कान बधिर होण्याचे तर वेगळेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली जे प्रमाण सांगितले त्यानुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो, पण ९० डेसिबलचा फक्त ४ तास. लग्नाच्या वरातीत तो कोटा एका रात्रीत संपतो. अशा कानांना रविवारी सकाळी सिस्टरांच्या पाच मुलींचे गाणे फिके लागले तर नवल ते काय?

येथवर आम्ही जे मांडले त्यावरून कोणी म्हणेल की, मग ट्रॅकवाल्या तरुणाचेच खरे आहे. कान बदलले, तर चर्चनेही बदलावे. नाही. येथेच आमचा खरा वाद आहे. घरात, एस. टी.त, शेतावर कोणी काय ऐकावे यात आम्ही पडत नाही. मिस्सा ही ऐकण्याची जागा नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनाविधीविषयी जो दस्तऐवज संमत केला त्यात भाविकांचा पूर्ण, जाणता आणि सक्रिय सहभाग हा बाप्तिस्म्याने मिळालेला हक्क व कर्तव्य म्हटला आहे. लोकांच्या धार्मिक गायनाची जोपासना करावी असे सांगितले आहे. आणि मिशन प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला मान द्यावा असेही सांगितले आहे. अंधेरीच्या ज्ञान आश्रमातले फादर जॉर्ज प्रोक्श हे जर्मन असूनही आयुष्यभर हिंदुस्थानी चालींवर भजने रचीत राहिले, ते याच वाटेने. आपण जन्माने या मातीतले, आणि आपण काय करणार? पेनड्राइव्ह लावणार?

त्याहून जुनी एक सूचना तर आजच वाचल्यासारखी वाटते. ३ सप्टेंबर १९५८ रोजी, पोप पायस बारावे यांच्या कारकिर्दीत, रोमच्या विधिमंडळाने पवित्र संगीताविषयी जे निर्देश काढले त्यांत ग्रामोफोन, रेडिओ, टेपरेकॉर्डर अशा आपोआप वाजणाऱ्या यंत्रांना उपासनाविधीत स्पष्ट मनाई केली होती. त्याच निर्देशांत ध्वनिवर्धकाला मात्र परवानगी होती, कारण तो धर्मगुरूंचा व इतरांचा जिवंत आवाज मोठा करतो. त्यानंतर परिषद झाली, पुष्कळ नियम सैल झाले. ते कलम काढून कोणाच्या अंगावर फेकावे असा आमचा हेतू नाही. पण त्यातला भेद पाहा. यंत्र माणसाच्या आवाजाला हात देत असेल तर चालेल, त्याच्या जागी बसत असेल तर चालणार नाही. यंत्राविषयी इतका साधा आणि न्याय्य निवाडा आम्ही अन्यत्र वाचलेला नाही.

ट्रॅक माणसाच्या जागी बसतो म्हणजे काय, ते प्रत्यक्ष पाहिलेलेच सांगतो. आमचे मास्तर पेटी उघडण्याआधी समोर कोण बसले आहे ते पाहत. बाया जास्त दिसल्या तर काळी चार धरीत, म्हातारे पुरुष जास्त असले तर खाली काळी एकवर येत. ट्रॅकची पट्टी मुंबईच्या स्टुडिओत कोणा निष्णात गायिकेसाठी ठरलेली असते; आमच्या गावची शेतावरून आलेली बाई तिथपर्यंत पोचत नाही आणि दुसऱ्या ओळीला गप्प बसते. म्हाताऱ्यांचा श्वास पुरेना झाला तर मास्तर थांबत. ट्रॅक कोणासाठी थांबत नाही. कम्युनियनची रांग लांबली तर मास्तर धृपद पुन्हा घेत, शेवटच्या माणसाच्या जिभेवर प्रभूचे शरीर ठेवले जाईपर्यंत गाणे चाले. ट्रॅक साडेचार मिनिटांत संपतो, आणि अर्धी रांग शिल्लक असताना फक्त चपलांची घासाघास ऐकू येते.

एका धर्मग्रामात, नाव सांगत नाही, सणाच्या मिस्साला ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ चालू असतानाच वीज गेली. ट्रॅक मध्येच तुटला. गायनवृंदातल्या मुलामुलींची तोंडे उघडी ती उघडीच राहिली. सूर कोठे धरावा ते एकालाही सुचेना. तीनशे माणसे त्या मंदिरात उभी होती आणि पृथ्वीवरची व स्वर्गातली सारी सेना जे गीत गाते म्हणतात ते पुढे नेण्यास तीनशेंपैकी एकही गळा पुढे आला नाही. फादरांनी उरलेले शब्द बोलून पुरे केले. पुढच्या सभेत या प्रसंगावर गंभीर चर्चा झाली आणि एकमताने ठराव झाला, इन्व्हर्टर घेण्याचा.

आमच्या विरोधकांची एक हरकत खरी आहे, ती टाळणार नाही. लहान उपकेंद्रांत वाजवणारा कोणी उरलेला नाही. मास्तर गेले, त्यांची मुले पुण्याला चाकणच्या कारखान्यात लागली, पेटीचा भाता उंदरांनी खाल्ला. अशा ठिकाणी सिस्टर मोबाइलवर गीत लावून मुलांना शिकवतात आणि मिस्सालाही तेच लावतात. शिकवण्याबद्दल आम्ही त्यांना नमस्कारच करू. मोबाइल हा उत्तम शिक्षक आहे. न कंटाळता शंभरदा तीच ओळ म्हणून दाखवतो, आणि मास्तरांसारखी छडी मारीत नाही. पण शिकवणीचा तास शनिवारी संपावा. रविवारी टाळ्यांवर, नुसत्या गळ्याने, चुकत-माकत, दोनच कडवी झाली तरी चालतील. ज्या मुलाने स्वतः चार रविवार गाणे सांगितले त्याचा कान तयार होतो, आणि बोंडांतून जे येते त्याची पारखही तो करू लागतो. आवड अशी फिरते. भाषणाने फिरलेली आम्ही पाहिलेली नाही; आमचीही चुलत्यांच्या बोलण्याने फिरली नव्हती.

म्हणून आमच्या धर्मग्रामाच्या समितीला आम्ही लेखी मागणी दिली आहे की, मिस्सात ट्रॅक वाजवू नये, माइक गायनवृंदापुढे एकच असावा आणि तोही हळू, म्हणजे बाकड्यावरच्या माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येईल, आणि इन्व्हर्टरच्या शिलकीतून पेटीचा भाता बदलून घ्यावा. उत्तर अजून आलेले नाही. सभेत ‘आयत्या वेळचे विषय’ येतील तेव्हा पाहू.

दरम्यान गेल्या पावसाळ्यात आम्ही नातवाला बरोबर घेऊन, त्याच्याच मोबाइलवर, आसपासच्या चार वाड्यांतल्या वयस्क बायांच्या तोंडून जुनी भजने आणि ओव्या उतरवून घेतल्या. सतरा चाली मिळाल्या. पहिल्या घरी नातू कानातली बोंडे गळ्यात लोंबकळत ठेवून, चेहऱ्यावर पाहुण्याचा कंटाळा घेऊन बसला होता, तिसऱ्या घरी तो म्हातारीला म्हणाला, “आजी, ते शेवटचे पुन्हा म्हणा, मला ती वळणाची जागा कळली नाही.” मरियाबाईच्या एका भजनावरून तर तीन आजींची जुंपली, कारण तिघींच्या चाली तीन निघाल्या आणि प्रत्येकीची सासूकडून आलेली, म्हणून खरी. नातवाने तिन्ही साठवून ठेवल्या आहेत. त्यातली कोणती नाताळला घ्यायची यावरून त्याच्या बरोबरीच्या पोरांत आता वाद सुरू आहे, आणि त्यात आम्हांला कोणी मत विचारलेले नाही.